अश्मयुगीन स्थळावर चार इंची ट्रॉवेल: कुठे चालवावी, कुठे खाली ठेवावी

पाते आणि मान एकाच पोलादी तुकड्यातून ठोकून घडवलेली असेल, तरच ट्रॉवेल, म्हणजे उत्खननात माती तासायची टोकदार लहान थापी, घ्यावी. वेल्डिंगने जोडलेली थापी गिलाव्याला चालते. खड्ड्याची उभी भिंत तासताना मात्र सगळा जोर आडवा येतो आणि ती सांध्यातच तुटते. ब्रिटनमध्ये डब्ल्यूएचएस या बनावटीची 4 इंची आणि अमेरिकेत मार्शलटाउन कंपनीची थोडी मोठी ट्रॉवेल उत्खननात रुळली आहे. पुराश्मयुगीन स्थळासाठी आमची पसंती आखूड, ताठ पात्याच्या 4 इंचीला. लवचिक पाते घट्ट गाळावरून नुसते सरकते, आणि खाली दगड आहे हे हाताला उशिरा कळते.

नवी ट्रॉवेल तशीच वापरायला काढू नका. सपाट कानशीने दोन्ही लांब कडांना एकाच दिशेने धार लावा आणि उलटलेली बारीक किनार ओल्या दगडावर घासून काढा. टोक मात्र किंचित गोलसर करा, कारण मातीतल्या दगडी हत्यारांना जखमा होतात त्या बहुतेक टोकाने. वाळूमिश्रित थरात धार लवकर उतरते, म्हणून कानस खड्ड्याच्या काठावरच हवी. बोथट पाते माती कापत नाही, फासते, आणि थरांच्या रंगांतला फरक त्यातच पुसला जातो.

तासताना लांब कड वापरा, पाते तिरपे धरून स्वतःकडे ओढा, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर. 5 सेंटिमीटरचा टप्पा एका दमात उतरवण्याचा मोह इथे महाग पडतो.

कारण पोलाद लागले की छिलक्याच्या (दगडावरून ठोकून काढलेल्या तुकड्याच्या) पातळ कडेवरून बारीक टवके उडतात आणि ते प्राचीन माणसाने मुद्दाम केलेल्या धारकामासारखे दिसतात. पृष्ठभागावर काळाने जुने, रंग बदललेले पुट चढले असेल तर ताजा टवका रंगावरून ओळखता येतो. पण इथिओपियातील गोना येथे 26 लाख वर्षांपूर्वीचे छिलकेही बारीक गाळात ताज्या धारेचे राहिले आहेत. अशा दगडावर जुना टवका कोणता आणि ट्रॉवेलचा कोणता, हे सांगणे फार अवघड. क्वार्ट्झवर तर धातूची राखाडी रेघही उमटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली वापराच्या खुणा शोधणाऱ्याचे काम बिघडवते.

म्हणून 'टक्' असा आवाज आला, की ट्रॉवेल खाली. पुढचे काम बांबूच्या चिपेने आणि मऊ ब्रशने. ओल्या चिकणमातीत ब्रशही नको, तो चिखल सारवतो. वस्तू उपटू नका. तिच्याभोवतीची माती उतरवा आणि दोन्ही टोकांची मोजणी टोटल स्टेशनवर (जागा अचूक मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्रावर) होईपर्यंत ती जागेवरच राहू द्या. दोन टोके हवीत, कारण अनेक वस्तूंची दिशा आणि कल एकत्र पाहिल्यावरच त्या पाण्याने वाहून आल्या का, याचा अंदाज येतो. उरलेली माती खड्ड्याच्या आखलेल्या चौकोनानुसार चाळणीत जाऊ द्या. 2 मिलिमीटरची जाळी आणि पाण्याने चाळणे उत्तम. मोठे गाभे (ज्यांवरून छिलके काढले ते दगड) आहेत पण बारीक कपच्या नाहीत, तर त्या पाण्याने नेल्या असाव्यात किंवा तुमच्या जाळीतून निसटल्या असाव्यात.

लाकडी मूठ कोरड्या उन्हात आकसून सैल होते, तरी रबरी मुठीपेक्षा आम्हाला तीच बरी वाटते. रबराला खडे चिकटतात. गंजाच्या भीतीने पात्याला तेल लावू नका. दगडावरच्या प्राचीन अवशेषांचे नमुने घ्यायचे असतील तर ते तेल थेट नमुन्यात उतरते. काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसणे पुरे.

चुनखडीने घट्ट झालेल्या थरात ही ट्रॉवेल निरुपयोगी आहे. टोक वाकते, मनगट दुखते, आणि जोर वाढला की निशाणा चुकतो. तिथे लहान हातोडी आणि बारीक छिन्नी घ्या, तीही हत्यारापासून दूर. सुकून कडक झालेली चिकणमाती आदल्या संध्याकाळी हलके पाणी शिंपडून प्लास्टिकखाली झाका, सकाळी ती लोण्यासारखी कापता येते. झिजून तीन इंचांवर आलेली ट्रॉवेल टाकू नका, चौकोनाचे कोपरे तिच्याइतके स्वच्छ नवी काढत नाही.