कोल्हापुरात बसून घेतलेले ऑक्टेव्ह मॅन्डोलिन

सुगम संगीताच्या कार्यक्रमांत मी गेली बावीस वर्षे मॅन्डोलिनची साथ करतो आहे. गायक खालच्या सप्तकात उतरला, की मॅन्डोलिन त्याच्या डोक्यावरून किणकिणत राहते आणि साथ म्हणजे गाण्यावर टांगलेले तोरण वाटू लागते, ही माझी स्वतःच्या वाद्याबद्दलची जुनी तक्रार. आपल्याकडे सज्जाद हुसेन, लक्ष्मीकांत अशा संगीतकारांनी हे वाद्य स्वतः उत्तम वाजवले. पण आपल्या कानात बसले ते त्याचे वरच्या सप्तकातले थरथरणारे ट्रेमोलो, म्हणजे तीच तार झरझर छेडून लांबवलेला सूर. मला त्याच बोटांनी, त्याच तारांच्या रचनेत, पण एक सप्तक खाली उतरायचे होते. त्यासाठी ऑक्टेव्ह मॅन्डोलिन घ्यायचे ठरवले आणि ते प्रत्यक्ष हातात येईपर्यंत आठ महिने गेले.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तारांच्या चार जोड्या, म्हणजे एकूण आठ तारा, आणि त्या मॅन्डोलिनप्रमाणेच जी, डी, ए, ई अशा पंचमांच्या अंतराने लावलेल्या. फक्त सगळे एक सप्तक खाली. मॅन्डोलिनची सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झला वाजते, तर याची ९८ हर्ट्झला. गिटारवाल्यांच्या भाषेत सांगायचे, तर याची सर्वांत बारीक तार म्हणजे गिटारची पहिली तार, आणि तिसरी जोडी म्हणजे गिटारची चौथी तार. नावाचा घोळ मात्र मोठा आहे. अमेरिकेत ज्याला ऑक्टेव्ह मॅन्डोलिन म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये ऑक्टेव्ह मॅन्डोला म्हणतात. अमेरिकेतला मॅन्डोला हे तिसरेच वाद्य असून तो मॅन्डोलिनपेक्षा केवळ एक पंचम खाली, सी, जी, डी, ए असा लावतात. त्यात आयरिश बुझुकीची भर. १९६० च्या दशकात ग्रीक बुझुकी आयर्लंडमध्ये पोहोचली आणि तिचे जे आयरिश रूप घडले ते दिसायला याच्यासारखेच, पण मानेने लांब. जाहिरातीतल्या नावावर विसंबून पैसे भरू नयेत, एवढे यावरून लक्षात यावे. मी नेमकी तीच चूक केली.

तत्पूर्वी कोल्हापुरातली दुकाने पालथी घातली होती. इथे पेटी, तबला, ढोलकी आणि गिटार चांगली मिळतात. साधे मॅन्डोलिनही मिळते, जरी ते बहुधा प्लायवूडचे असते. ऑक्टेव्ह मॅन्डोलिनचे नाव काढल्यावर एका ओळखीच्या दुकानदारांनी हसून सांगितले, “सर, कोल्हापुरात बेंजो मागा, उद्या मिरवणुकीला उभा करतो. हे तुमचं काय ते मुंबईलाच बघा.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

मग घरबसल्या एका विक्रेत्याकडून मागवले. खोके उघडले तेव्हा वाद्य दिसायला देखणे होते, मोत्याची वेलबुट्टीही होती. परंतु टेप लावून मोजले तेव्हा आडीपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंतची (अंगावर तारा जिच्यावर टेकतात ती) तार जेमतेम ४२ सेंटीमीटर भरली. तो मॅन्डोला होता, आणि त्यावर जाड तारा चढवून तो ऑक्टेव्ह मॅन्डोलिन म्हणून विकलेला होता. खालची ‘जी’ची तार छेडली की सूर लागण्याआधी तार नुसती लपलपत असे. परत पाठवणे, वाहतुकीचे पैसे कोणी द्यायचे यावर पंधरवडाभर पत्रव्यवहार, आणि शेवटी पैसे कापूनच मिळालेला परतावा, असा तो अध्याय संपला. पण त्यातूनच एक गोष्ट पक्की कळली, की या वाद्यात लाकूड, नक्षी आणि नाव यांच्याआधी तारेची लांबी, म्हणजे स्केल, ठरवावी लागते.

हे थोडे विस्ताराने मांडतो. तार तीच आणि ताण तोच ठेवून सूर एक सप्तक खाली आणायचा, तर तारेची लांबी दुप्पट करावी लागते. मॅन्डोलिनची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर. म्हणजे हिशोबाने ऑक्टेव्ह मॅन्डोलिन ७० सेंटीमीटरचे व्हायला हवे. तितक्या लांब मानेवर मॅन्डोलिनची बोटे पुरणार नाहीत, म्हणून कारागीर लांबी साधारण ५१ ते ५८ सेंटीमीटरवर आणतात आणि उरलेली तूट जाड तारांनी भरून काढतात. लांबी जितकी कमी, तितक्या तारा जाड किंवा सैल, आणि तितका मंद्रातला सूर बोथट. लांबी जितकी अधिक, तितका आवाज भरदार आणि लांबणारा, पण तितकी बोटांची ओढाताण. मॅन्डोलिनवर दुसऱ्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) सातव्यापर्यंतचे अंतर पावणेआठ सेंटीमीटर पडते, ते पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत आरामात मावते. तेच अंतर ५३ सेंटीमीटरच्या वाद्यावर पावणेबारा आणि ५८ च्या वाद्यावर जवळजवळ १३ सेंटीमीटर होते. माझा पंजा मध्यम आहे. घरच्या गिटारच्या मानेवर खडूने खुणा करून मी हे अंतर आठवडाभर ताणून पाहिले आणि ५३ च्या आसपास थांबायचे ठरवले. हा खटाटोप कोणालाही विनाखर्च करता येतो.

त्यानंतर महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. एका वादकाकडे विक्रीला ठेवलेली दोन वापरलेली वाद्ये होती आणि दोन्ही एकाच खोलीत वाजवून पाहता आली, हे माझे नशीब. पहिले कोरीव, फुगीर पोटाचे (पोट म्हणजे पुढची फळी), व्हायोलिनसारखी एफ आकाराची छिद्रे असलेले, ५८ सेंटीमीटरचे. दुसरे सपाट पोटाचे, लहान गिटारच्या अंगाचे, मध्ये अंडाकृती छिद्र असलेले, ५३ सेंटीमीटरचे; पुढची फळी सलग, म्हणजे प्लायवूड नसलेल्या, स्प्रूसची आणि मागची महॉगनीची. पहिल्याचा ठोका खणखणीत होता, पाश्चात्त्य लोकसंगीताच्या मेळ्यात तो चटकन वर आला असता. पण माझे काम तसे नाही. दोन ओळींच्या मधली जागा भरायची, आलापाच्या मागे सूर धरून ठेवायचा, यासाठी सूर रेंगाळला पाहिजे, आणि तो दुसऱ्याचा रेंगाळत होता. शिवाय पहिल्यावर त्याच जाडीच्या तारांना सुमारे २० टक्के अधिक ताण लागतो, आणि तासाभराच्या कार्यक्रमात तो डाव्या हाताला जाणवल्याशिवाय राहत नाही. कोरीव पोटाची वाद्ये महाग असतात म्हणून ती चांगलीच, हा समज मला पटत नाही. ती वेगळ्या कामाची वाद्ये आहेत.

वाद्य तपासताना घाई केली नाही. खालच्या ‘जी’च्या तारेवर पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून मधल्या फ्रेटपाशी किती फट राहते ते पाहिले. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट होती, म्हणजे मान सरळ होती. बाराव्या फ्रेटवर नुसते बोट टेकवून निघणारा सूर आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहिला. वरच्या तीन जोड्या जुळल्या. जीची जोडी दाबल्यावर चढत होती. आठ तारांचा एकत्रित ताण सहज ६० किलोंच्या घरात जातो, त्यामुळे घोडीच्या मागे पोट फुगले आहे का, हे बॅटरीचा उजेड आडवा टाकून पाहिले. किंचित फुगवटा होता, पण घोडी उचललेली नव्हती. फुगीर पोटाच्या वाद्याची घोडी चिकटवलेली नसते, तिथे घोडीच्या पायाखाली कागदाचा कपटा सरकतो का ते पाहावे. सरकला तर घोडी पोटावर नीट बसलेली नाही. जीच्या दोषामुळे भाव थोडा उतरला आणि ६४ हजारांना व्यवहार झाला.

तो दोष काढण्यासाठी मिरजेला गेलो. कोल्हापूरपासून मिरज पन्नासेक किलोमीटर, आणि तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण असे परके वाद्य तिथे कोणी हातात घेईल का, अशी शंका मनात होती. ज्या वयस्कर कारागिरांकडे गेलो त्यांनी वाद्य मांडीवर आडवे घेतले, एक एक तार अंगठ्याने हळूच दाबून सोडली आणि घोडीवर नख फिरवत म्हणाले, “तंबोऱ्याच्या घोडीला तार घासली पाहिजे साहेब, तरच जवारी बोलते. इथं उलटं आहे. इथं तार घासली की बिघडली. ही धार बोथट झालीय.” त्यांनी निदान एका वाक्यात केले. घोडीवरची हाडाची पट्टी झिजून सपाट झाली होती, त्यामुळे जाड तार नेमकी कुठे सुटते हेच ठरत नव्हते. त्यांनी नवे हाड कापले, जीच्या जोडीसाठी त्याची धार दीडेक मिलिमीटर मागे घेतली, आणि वरच्या आडीच्या खाचा इतक्याच खोल केल्या, की पहिल्या फ्रेटवर सूर चढू नये. खाच कापताना ते कानसीचे दोन फटकारे मारत, तार बसवत, ऐकत, पुन्हा तार काढत. हे अकरा वेळा झाले. मजुरी १८०० रुपये झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाद्य तयार होते. ६४ हजारांतल्या कोणत्याही रुपयापेक्षा हे १८०० अधिक कामी आले, असे मी निःसंकोच म्हणेन. नवे वाद्य घेणाऱ्यानेही या कामासाठी पैसे बाजूला ठेवावेत, कारण पेटीबंद आलेले वाद्यही क्वचितच जुळलेले असते.

आता वापराबद्दल. पांढरी दोन, म्हणजे डी, या पट्टीच्या गायकाला तर हे वाद्य आयतेच आहे: तिसरी जोडी षड्ज, दुसरी पंचम, आणि चौथी मंद्र मध्यम. गायिका काळी चारला गात असेल, तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की चौथी जोडी षड्ज होते. काळी पाचला तोच कॅपो तिसऱ्या फ्रेटवर. गिटारचा कॅपो चालतो, मात्र जाड तारेशेजारची तार कधी कधी अर्धवट दाबली जाते, म्हणून लावल्यावर आठही तारा वेगवेगळ्या छेडून पाहाव्यात. ट्रेमोलो मात्र मॅन्डोलिनच्या वेगाने होत नाही. जाड तारांवर पातळ प्लेक्ट्रम (तार छेडायची पट्टी) वाकतो आणि टकटक ऐकू येते. दीड मिलिमीटरचा घेतल्यावर ती गेली, पण हात सावकाश चालवावा लागला आणि मग लक्षात आले, की या वाद्याला ट्रेमोलोची तितकी गरजच नाही. एकदा छेडलेली तार चार मात्रा बोलत राहते. छिद्राच्या अगदी पुढे माईक धरला तर मंद्र स्वर घुमतो; मान अंगाला जिथे मिळते तिथे, वीतभर अंतरावर धरला तर स्वच्छ येतो.

त्रुटी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मॅन्डोलिनची बोटे जशीच्या तशी इथे चालत नाहीत. बऱ्याच ठिकाणी गिटारप्रमाणे फ्रेटला एक बोट ठेवावे लागते, आणि माझ्या पाठ झालेल्या तानांपैकी निम्म्या मला नव्याने बसवाव्या लागल्या. द्रुत गतीत हे वाद्य जड आहे. तारांचा संच, जाडी इंचाच्या १२ ते ४६ हजारांश, कोल्हापुरात मिळत नाही. मी एकदम तीन मागवून ठेवले आहेत. आणि आपला पावसाळा. जुलैमध्ये माझ्या खोलीतला आर्द्रतामापक ८० टक्क्यांच्या खाली आलाच नाही, तर सलग लाकडाला ५० च्या आसपास बरे वाटते. पोट फुगले, तारा फ्रेटपासून वर उचलल्या आणि हात दुखू लागला. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, त्या दर आठवड्याला तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरल्यावर ऑगस्टअखेर तारा जागेवर आल्या.

उभ्याने वाजवायला पट्टा लागतो आणि माझ्या वाद्याला तो अडकवायला मागे एकच खुंटी होती. गिटारच्या पट्ट्याचे दुसरे टोक दोरीने मानेच्या टोकाला, तारांच्या खुंट्यांपाशी बांधले, तर ते घसरून तारांत अडकू लागले. शेवटी कोल्हापुरी चपला बांधणाऱ्या एका कारागिरांकडून त्याच कातड्याचा, एका टोकाला वादी ओवलेला पट्टा ४५० रुपयांत करून घेतला. पहिले दोन आठवडे तो करकरत होता. तेल दिल्यावर थांबला.