वॉकीटॉकी: परवान्याची की बिनपरवान्याची?

गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या लातूर-धाराशिव पट्ट्यात हा प्रश्न निघतोच.

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा २०१८च्या नियमांनी परवानामुक्त केला आहे. सेटला ईटीए, म्हणजे त्या प्रकारच्या उपकरणाला मिळणारी सरकारी मान्यता हवी, बाकी अर्ज नाही. जालन्यातली एखादी जिनिंग किंवा मंगल कार्यालय यांचं यावर मस्त भागतं. पण शक्ती कमी आणि लहरी सगळ्यांच्या सामाईक.

साखर कारखान्याचं काम वेगळं. रात्री दोन वाजता काट्यावर ट्रॅक्टरची रांग, ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीजवळचा माणूस ओरडतो, "थांबवा, थांबवा!" त्या क्षणी बॉयलरच्या भिंतीआड नुसती खरखर ऐकू आली तर काळजाचं पाणी होतं. मी ते अनुभवलंय. शिवाय फडातल्या चिटबॉयपर्यंत, म्हणजे ऊसतोडीवरच्या कारखान्याच्या माणसापर्यंत बोलायचं तर रिपीटर, म्हणजे आवाज पकडून पुढे लांबवर पाठवणारं यंत्र हवंच. त्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या लहरी वाटणाऱ्या शाखेकडून स्वतःची फ्रिक्वेन्सी घ्यायची, टॉवरवरच्या अँटेनाला साक्फाची, म्हणजे अँटेनाच्या जागा तपासणाऱ्या सरकारी समितीची मंजुरी मिळवायची, शुल्क भरत राहायचं. कागद पुष्कळ, वेळही जातो. म्हणून अर्ज उन्हाळ्यातच करा.

स्वस्तात मिळतात म्हणून ऑनलाइन व्हीएचएफ (परवाना लागणाऱ्या दुसऱ्या पट्ट्यातले) सेट मागवून विनापरवाना वापरणं मात्र बेकायदा आहे. २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर नियमावलीच काढली.

आवाराच्या आतच बोलायचं असेल तर ४४६ घ्या. जिथे एका शब्दावर माणसाचा हात वाचणार आहे, तिथे मी परवान्याचाच आग्रह धरेन.