नाकाचा पडदा आणि सायनस: एकाच भुलीत की दोनदा?

आपल्याकडे 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतात, तो बऱ्याचदा दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा असतो. सीटी स्कॅनमध्ये सोबत सायनसही (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या) भरलेले दिसले की डॉक्टर म्हणतात, दोन्ही एकदम करून टाकू. मग घरात सुरू होतं: एवढं एकदम कशाला?

माझा कौल एकदम करण्याला. पडदा फार वाकडा असेल तर दुर्बीण सायनसपर्यंत नीट पोचतच नाही, म्हणजे तो सरळ करावाच लागतो. शिवाय भूल एक, रजा एक. पण नुसत्या सायनसच्या ऑपरेशनपेक्षा पहिला आठवडा जड जाऊ शकतो. पडद्याला आधार म्हणून दोन्हीकडे सिलिकॉनच्या पट्ट्या ठेवल्या तर श्वास तोंडानेच. माझं असंच झालं: रात्री घसा सुकून जाग यायची, उशाशी पाण्याची बाटली लागायची. पट्ट्या निघाल्या तेव्हा एवढं लांबडं काही आपल्या नाकात मावत होतं यावर विश्वास बसेना, आणि दुसऱ्या क्षणी गार हवा थेट घशापर्यंत गेली.

खरा प्रश्न पुढच्या सहा महिन्यांचा आहे. पडदा सरळ केल्याने चोंदणं कमी होतं. घशात उतरणारा कफ आणि जड कपाळ हे सायनसचं काम. एकच केलं तर दुसरी तक्रार राहते. 'स्नॉट-२२' नावाची प्रश्नावली ऑपरेशनआधीच भरा: २२ प्रश्न, प्रत्येकी ० ते ५ गुण, एकूण ११०. गुण साधारण ९ ने उतरले तर रुग्णाला फरक जाणवतो, असं धरतात. त्यात झोप, थकवा, चिडचिडही विचारतात. आपले गुण कुठल्या रकान्यात साठलेत ते बघितलं की निम्मा गोंधळ मिटतो.

नाकाचा आकारही बदलून हवा असेल तर मात्र मी दोन टप्पे म्हणेन, निदान सायनसमध्ये पू असताना तरी. आकारासाठी बसवलेल्या कूर्चेला (मऊ हाडाला) संसर्ग होणं परवडत नाही. आणि शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं, तोवर आरशाशी भांडण नको.

मांस वाढलेलं असेल (पॉलिप), तर ते पुन्हा येऊ शकतं. एकदम करा नाहीतर दोनदा. स्टिरॉइडचा स्प्रे आणि उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणं सुटत नाही. वासाची हमी तर कुणीच देत नाही. मला कोथिंबिरीचा येतो. हिंगाचा अजून नाही.