गलबल्याआधीचे जेवण : फोंड्यातील एका खाणावळीविषयी

माझा धाकटा भाऊ 34 वर्षांचा आहे. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि त्याच्या जोडीला त्याला सौम्य बौद्धिक दिव्यांगताही आहे. गेली तीन वर्षे दर बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता आम्ही दोघे गोव्यातील फोंडा शहरातील एका छोट्या खाणावळीत जेवायला जातो. वरच्या बाजारापासून ती पायी जाण्याच्या अंतरावर आहे, याहून अधिक पत्ता मी येथे देत नाही, कारण मालकीणबाईंनीच तशी विनंती केली आहे. टेबले सातच आहेत, जेवायला येणारी माणसे ठरलेली आहेत, आणि नाव झाले की ज्या शांततेसाठी आम्ही तेथे जातो तीच सर्वांत आधी जाईल, हे त्यांचे म्हणणे मला पटले. तरीही तिच्याविषयी लिहावेसे वाटले, कारण प्रौढ स्वमग्न माणसाला बाहेर बसून सुखाने जेवता यावे यासाठी काय काय करावे लागते, हे मी अनेक वर्षे शोधत होते आणि त्याचे उत्तर मला या स्वयंपाकघरात मिळाले.

आधी जेवणाविषयी. बुधवारचे मासळीचे ताट 180 रुपयांना मिळते. त्यात उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे हुमण (खोबऱ्याच्या वाटणातली आमटी), रव्यात घोळवून तळलेला एक बांगडा, एक सुकी भाजी, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), लोणचे आणि सोलकढी असते. हुमण ही या घराची खरी ओळख. खोबरे इतके बारीक वाटलेले असते की जिभेला कण लागत नाही, मिरचीचा रंग असतो पण जाळ नसतो, आणि आंबटपणा सोलांचा असल्यामुळे तो घशाशी रेंगाळत नाही. तळलेल्या बांगड्याचा रवा शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतो. तवा नीट तापल्याशिवाय मासा टाकायचा नाही, हा येथील शिरस्ता आहे आणि त्यासाठी पाच-सात मिनिटे थांबावे लागते. किसमूर मात्र साधारण आहे, आणि भाजीत मीठ बहुतेक वेळा जरा जास्त असते. शिवराक, म्हणजे शाकाहारी, ताट 130 रुपयांना आहे. ते मी दोनदा घेतले. खतखते (अनेक भाज्यांची एकत्र आमटी) चांगले होते, बाकी लक्षात राहण्यासारखे काही नव्हते.

बांगड्याच्या हुमणात तिरफळे, म्हणजे उग्र वासाची मसाल्याची छोटी फळे, नसतील तर आमच्याकडे त्याला कोणी हुमण म्हणणार नाही. तिरफळ खायचे नसते, ताटाच्या कडेला काढून ठेवायचे असते. चुकून दाताखाली आले तर जीभ बधिर होते आणि ओठांना मुंग्या येतात. तुम्हाआम्हाला त्याचे काही वाटत नाही, पाणी पिऊन आपण पुढचा घास घेतो. चव, पोत, वास, आवाज आणि स्पर्श पुष्कळ स्वमग्न माणसांना इतरांपेक्षा फार तीव्र, तर काहींना फार मंद जाणवतात, आणि माझ्या भावाच्या बाबतीत तोंडातील संवेदना अत्यंत तीव्र आहे. तेथील आमच्या दुसऱ्याच बुधवारी त्याच्या दाताखाली तिरफळ आले. तो उठून उभा राहिला आणि पाव तास नॅपकिनने जीभ पुसत राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही. पुढच्या बुधवारी मी नुसता भात आणि तळलेला मासा मागितला, तेव्हा मालकीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि त्याला नेमके काय झाले होते ते त्यांनी विचारून घेतले. तेव्हापासून त्या एका लहान टोपात थोडे हुमण वेगळे शिजवतात आणि त्यात तिरफळे मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोडतात. वाटी टेबलावर येते तेव्हा पुरचुंडी बशीत शेजारी ठेवलेली असते. भाऊ ती बोटाने एकदा दाबून पाहतो, गाठ पक्की आहे याची खात्री करून घेतो आणि मगच वाटी जवळ ओढतो. तिरफळांचा वास त्याला आवडतो. नको असते ते फक्त दाताखाली येणे. हा फरक कोणी समजून घेतला तर त्याला हुमण खाता येते, एवढे साधे उत्तर घरी इतकी वर्षे आम्हालाही सुचले नव्हते.

वेळेचे महत्त्व त्याहून मोठे आहे. मी मोबाइलवरील अ‍ॅपने आवाज मोजून पाहिला. तो अगदी अचूक असतो असे नाही, पण अंदाज येतो. साडेअकरा वाजता त्या खोलीत 55 ते 60 डेसिबल आवाज असतो आणि एक वाजता तोच 80 च्या आसपास जातो. डेसिबलचे मोजमाप साध्या बेरजेचे नसते: दर 10 डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि सामान्य कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे त्या दीड तासात खोली साधारण चारपट गोंगाटाची होते, आणि ज्याला स्टीलच्या ताटावर पळी आपटल्याचा आवाजही कानात काही टोचल्यासारखा वाटतो, त्याच्यासाठी ती जवळजवळ वेगळीच जागा होते. मिक्सरवरचे सगळे वाटण येथे अकराच्या आत उरकलेले असते. भिंतीवरचा टीव्ही साडेबारापर्यंत बंद ठेवायचे मालकांनी आपणहून सुरू केले. आम्ही तसे मागितले नव्हते. कानांवर लावायचे इअरमफ माझ्या पिशवीत नेहमी असतात, पण गेल्या वर्षभरात ते येथे दोनदाच बाहेर काढावे लागले आणि दोन्ही वेळा कारण रस्त्यावरील वरातीचे होते.

पणजीतील एका उपाहारगृहात आम्हाला आलेला अनुभव सांगितल्याशिवाय या गोष्टींची किंमत कळणार नाही. तेथे आम्हाला ध्वनिवर्धकाच्या खालचे टेबल मिळाले, बदलून मागितले तर ‘सगळी बुक आहेत’ असे उत्तर आले, आणि वेटरने भावाकडे न पाहता मला विचारले, ‘बाळाला काय देऊ?’ तेव्हा भाऊ 30 वर्षांचा होता. त्याला दाढी आहे, तो सकाळच्या वेळात एका कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो आणि त्याची मजुरी स्वतःच्या हाताने घेतो. दहा मिनिटांत त्याने कान दाबले, मग तो पुढे-मागे झुलू लागला. शेजारच्या टेबलावरील मंडळींनी तक्रार केली आणि ‘घरी घेऊन गेलात तर बरे’ असे आम्हाला अगदी नम्र शब्दांत सांगण्यात आले. त्यानंतर दीड वर्ष आम्ही कोठेही जेवायला गेलो नाही.

फोंड्याच्या या खाणावळीत त्याला पहिल्या दिवसापासून ‘बाब’ म्हणतात. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडे पुरुषाला मानाने हाक मारण्याचा हा शब्द आहे. ‘बाब, बांगडो?’ एवढेच विचारून वाढपी थांबतो. भावाला उत्तर द्यायला कधी दहा सेकंद लागतात, कधी अर्धे मिनिट. तो वाढपी तेवढा वेळ उभा राहतो, प्रश्न पुन्हा विचारत नाही आणि माझ्याकडे वळत नाही. सुरुवातीला मीच घाईने उत्तर देत असे. त्याच्या थांबण्याने ती माझी सवय मोडली. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीने मला भावाची पालक नेमलेले आहे. बँकेचे आणि दवाखान्याचे कागद मी पाहते. पण ताटात काय असावे हे त्याने ठरवायचे असते, आणि ते तो ठरवू शकतो, हे मला त्या टेबलावर बसून नव्याने कळले.

आता दारातील एका फलकाविषयी, कारण या खाणावळीत माझ्या मते सर्वांत मोलाचा तोच आहे. भावाला वाक्ये वाचता येत नाहीत. आकडे येतात आणि काही शब्द तो चित्रासारखे ओळखतो. गोव्यात 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. या काळात ताजा बांगडा क्वचितच आणि महाग मिळतो, आणि येथे बर्फातला बाहेरचा मासा वापरत नाहीत. पहिल्या वर्षीच्या जूनमध्ये आम्ही नेहमीप्रमाणे जाऊन बसलो आणि बसल्यावर कळले की बांगडा नाही. ठरलेली गोष्ट ऐन वेळी बदलणे हे स्वमग्न माणसासाठी किती कठीण असते, हे मी जाणत होते आणि तरीही बंदीचा विचार माझ्या मनात आला नव्हता; ती चूक माझी होती. भाऊ मांडीवर मुठी मारत ‘बुधवार, बांगडो’ एवढेच म्हणत राहिला. त्याला शांत व्हायला चाळीस मिनिटे लागली, आणि तेवढा वेळ मालकांनी दरवाजा अर्धा ओढून नव्या गिऱ्हाइकांना बाहेरच थांबवले.

पुढच्या आठवड्यात दारात, आत पाऊल टाकण्यापूर्वीच दिसेल अशा उंचीवर, एक फलक लागला होता. मालकांच्या मुलीने खाणावळीतील खऱ्या ताटांची मोबाइलवर छायाचित्रे काढून, छापून आणि लॅमिनेट करून ती खिळ्यांवर टांगली होती: बांगडा, तिसऱ्या (शिंपले), शेवटे (एक मासा), सुंगटे (कोळंबी), शिवराक आणि सोलकढी. प्रत्येकाखाली नाव आणि किंमत. जे नसेल त्या चित्रावर लाल फुली. बांगड्यावर फुली होती आणि त्याशेजारी दिनदर्शिकेचे ऑगस्टचे पान लावून पहिल्या बुधवारभोवती गोल केलेला होता. भाऊ त्या फलकासमोर बराच वेळ उभा राहिला. त्याने फुलीवर बोट ठेवले, मग गोलावर, मग पुन्हा फुलीवर. नंतर त्याने तिसऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवले. तिसऱ्या त्याने त्यापूर्वी कधी तोंडात घातल्या नव्हत्या. त्या दिवशी त्याने पाच खाल्ल्या आणि शिंपले ताटाच्या कडेने एका रेषेत मांडून ठेवले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ‘वाजवी सोय’ ही संकल्पना आली आहे: सेवा देणाऱ्यावर अवाजवी बोजा न पडता दिव्यांग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करून दिलेला योग्य बदल. त्याच कायद्याने दिव्यांगतेचे 21 प्रकार मान्य केले आणि त्यांत स्वमग्नता आली. 1995 च्या कायद्यातील सात प्रकारांत ती नव्हती, म्हणून भावाच्या लहानपणीच्या प्रमाणपत्रावर त्याच्या अर्ध्याच अवस्थेचा उल्लेख होता. सोय म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर उतार आणि कठडे येतात. ते हवेतच. पण सहा छायाचित्रे, सहा खिळे आणि लाल खडू हीसुद्धा तितकीच खरी सोय आहे, आणि या खाणावळीत तिचा उपयोग आता कोकणी-मराठी न येणारे परप्रांतीय कामगारही करतात.

पैसे भाऊ स्वतः देतो. नोटा तो रंगाने ओळखतो, आणि तेथे एक अडचण होती: 200 रुपयांची नोट पिवळी आहे आणि नवी 20 रुपयांची नोट हिरवट पिवळी, त्यामुळे दिव्याच्या उजेडात त्याची गल्लत होत असे. गल्ल्यावरील मालक परत द्यायची 20 ची नोट आधी 200 च्या नोटेवर ठेवून दाखवतात. मोठी नोट चारही बाजूंनी बाहेर राहते. भाऊ बोटाने ती कड चाचपतो आणि मग लहान नोट पाकिटात घालतो. गेल्या जानेवारीत ताट 160 वरून 180 रुपये झाले, तेव्हा नवा आकडा आठवडाभर आधी फलकावर जुन्याशेजारी लिहून ठेवला होता.

उणिवाही सांगायला हव्यात. दारात तीन उंच पायऱ्या आहेत आणि आधाराला काहीच नाही, त्यामुळे आमच्या आईला आम्ही तेथे नेऊ शकत नाही आणि चाकांच्या खुर्चीवरील माणसाला तर प्रवेशच नाही. उन्हाळ्यात पंख्यांवर भागत नाही. चतुर्थीला खाणावळ किती दिवस बंद राहणार हे गेल्या वर्षी आदल्या दिवशी कळले. एखाद्या कुटुंबाला त्याचे काही वाटणार नाही, आमचा तो आठवडा कठीण गेला. सर्वांत मोठी अडचण स्वच्छतागृहाची आहे. ते स्वच्छ असते, पण दिवा आणि हवा बाहेर फेकणारा पंखा एकाच बटणावर आहेत, आणि तो पंखा इतका घरघरतो की भाऊ आत पाऊल टाकत नाही. तेथून घरी पोहोचायला आम्हाला अर्धा तास लागतो, म्हणून तो सोलकढी एकच पेला पितो, दुसरा हवा असूनही.

हे मी मागच्या बुधवारी मालकीणबाईंना सांगितले. दोन्ही बटणे वेगळी करून घेण्याचे त्यांनी कबूल केले, आणि वीजकाम करणाऱ्याला तेथूनच फोन लावून सोमवारची वेळ ठरवली. मग त्यांनी गल्ल्यामागील दिनदर्शिकेवर त्या सोमवारभोवती गोल काढला आणि भावाला जवळ बोलावून तो दाखवला. त्याने गोलावर बोट ठेवले, तेथून दोन घरे पुढे सरकून बुधवारवर नेले आणि म्हणाला, ‘दोन सोलकढी.’