थकलेल्या बिलासाठी नियमित दावा की समरी?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीचं कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. दोन पार्ट्यांकडे बिलं थकली, दोन्ही तीन लाखांच्या आतली. एकीवर नियमित दावा केला, दुसरीवर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी, म्हणजे झटपट चालणारा संक्षिप्त दावा. शिरोलीतला एक मित्र सध्या याच पेचात आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. (व्यापारी व्यवहाराचा दावा तीन लाख किंवा त्याहून वरचा असेल तर तो कमर्शियल कोर्टाचा विषय. तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर तिथे आधी मध्यस्थी सक्तीची, आणि कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, १२० दिवसांची पक्की मर्यादा. तो रस्ता मी चाललेलो नाही.)

नियमित दावा सगळं पोटात घेतो. ऑर्डर फोनवरची, चलनावर नुसता शिक्का, थोडा माल रिजेक्ट झाल्याचा वाद, हे सगळं पुराव्यात मांडता येतं. माझं पहिलं प्रकरण असंच होतं. संहितेच्या २००२ च्या दुरुस्तीपासून सरतपासणी (आपल्या बाजूची साक्ष) शपथपत्रावर होते, त्याचा मला खरंच उपयोग झाला. पिंजऱ्यात उभं राहून एकेक बिल सांगत बसावं लागलं नाही.

मला नडली ती कैफियत. त्याच दुरुस्तीने ती ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यायची असं ठरलं. पण ही मर्यादा सक्तीची नाही, योग्य कारण असेल तर कोर्ट मुदत वाढवू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं. आजारी माणसावर अन्याय होऊ नये म्हणून हे बरोबरच आहे. माझ्या प्रकरणात मात्र समन्स बजावलं, वकीलपत्र आलं आणि मग मुदतीचे अर्ज सुरू झाले. नव्वद दिवस उलटल्यावर ‘विना कैफियत’ हुकूम झाला. पुढच्या तारखेला तो रद्द करण्याचा अर्ज आला. त्यावर माझं म्हणणं द्यायला एक तारीख, युक्तिवादाला एक. शेवटी पाचशे रुपये खर्चावर अर्ज मंजूर. दर वेळी शॉप बंद ठेवून कसबा बावड्याला कोर्टात जायचं आणि पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं. चौदा महिन्यांनी कैफियत हातात आली ती दोन पानी: ‘सदरचा मजकूर खरा व बरोबर नसून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ ते वाचून मला फार लागलं.

समरीत ही जागाच उरत नाही. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत समोरच्याने हजर व्हायचं. मग आपण निकालासाठीचं समन्स बजावायचं, आणि त्यानंतर दहा दिवसांत त्याने बचावाची परवानगी मागायची, तीही शपथेवर कारणं देऊन. उशीर इथेही माफ होऊ शकतो, पण बचाव काय आहे हे त्याला आधीच सांगावं लागतं. माझ्या दुसऱ्या प्रकरणात सहीची पर्चेस ऑर्डर होती आणि न वटलेला चेक होता. निम्मी रक्कम कोर्टात भरण्याच्या अटीवर परवानगी मिळाली, आणि पार्टी स्वतःहून तडजोडीला आली. लोकअदालतीत हप्ते ठरले, कोर्ट फीही परत मिळाली.

समरीचा धोकाही सांगतो. बिनशर्त परवानगी मिळाली की तोच दावा नियमित वाटेने चालतो आणि मधले महिने गेलेलेच असतात. लेखी करार, चेक किंवा वचनचिठ्ठी नसेल तर या वाटेला जाऊच नये. सही नसलेल्या बिलावर समरी टिकेल असं मी तरी म्हणणार नाही. परवानगीच्या हुकुमाविरुद्ध हायकोर्टात जायची वेळ आली तर पूर्वी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथेच कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर आहे, त्यामुळे ती धास्ती बरीच कमी झाली.

हुकूमनामा झाल्यावर पैसे वसूल करायला दोन्हीकडे दरखास्तच (अंमलबजावणीचा अर्ज) करावी लागते. ती सहा महिन्यांत निकाली काढावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावलं आहे. माझी पहिल्या दाव्यातली दरखास्त अजून चालू आहे.

तुमचे कागद वकिलांना दाखवूनच ठरवा, प्रत्येकाचं प्रकरण निराळं. मित्राच्या फाईलमध्ये सहीचं बाकी-मान्यतेचं पत्र निघालं. तारीख पाहिली, दावा करायची तीन वर्षांची मुदत संपायला पाच महिने आहेत. त्याला म्हटलं, समरीच टाक, आणि या महिन्यातच.