गायरो की हॅप्टिक: कन्सोल निवडण्याआधी हाताला विचारा

सोनीचा प्लेस्टेशन ५ घ्यावा की निन्टेंडोचा स्विच २, हे गेल्या काही महिन्यांत मला तिघांनी विचारलं. ग्राफिक्स, फ्रेम रेट, स्टोरेज तिघांनाही तोंडपाठ होतं. माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून त्यांना वेगळंच जाणून घ्यायचं होतं. हातात धरल्यावर काय फरक पडतो? कंट्रोलर वळवून नेम धरायचा (ते वळणं मोजणारा आतला सेन्सर म्हणजे गायरो), ही गंमत चार दिवसांची की खरंच कामाची? आणि हॅप्टिक हॅप्टिक म्हणतात, म्हणजे कंट्रोलरची हाताला जाणवणारी थरथर आणि दाब, त्यासाठी इतके पैसे मोजावेत का? तिघांना फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग लिहितो.

एक्सबॉक्स आधीच बाजूला ठेवतो. सिरीज एक्स आणि एस यांच्या कंट्रोलरच्या ट्रिगरमध्ये, म्हणजे तर्जनीने ओढायच्या बटणांत, छोट्या मोटरी आहेत आणि त्या छान थरथरतात. पण आत गायरो नाही, म्हणजे मनगट वळवून नेम धरणं तिथे नाहीच. तेव्हा हा आढावा दोघांचाच.

हॅप्टिकपासून सुरुवात करू, कारण दुकानात दोन मिनिटं कंट्रोलर हातात घेतला तर भुरळ त्याचीच पडते. १९९७ साली निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरला व्हायब्रेशन देणारा रम्बल पॅक आला, त्याच वर्षी सोनीचा पहिला डुअलशॉक कंट्रोलरही आला. तेव्हापासून कित्येक वर्षं व्हायब्रेशन म्हणजे एका बाजूला वजन लावलेली मोटर. ती जोरात फिरली की जोरात हादरणार, हळू फिरली की हळू. हादरा मोठा हवा पण संथ हवा, असं तिला सांगता येत नाही. शिवाय मोटरीला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो, त्यामुळे स्फोट आणि दगडाची ठेच दोन्ही हाताला सारखीच लागतात. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे डुअलसेन्समध्ये, ती मोटर गेली आणि स्पीकरच्या तत्त्वावर चालणारी कॉइल आली. स्पीकर जसा ढोल आणि घुंगरू वेगवेगळे ऐकवतो, तशी ही कॉइल वाळू आणि बर्फ वेगवेगळे जाणवून देते.

घरी प्लेस्टेशन आला त्या संध्याकाळी त्यातच मिळणारा ॲस्ट्रोज प्लेरूम हा गेम लावला होता. आईला गेममध्ये काहीही रस नाही. तिला म्हटलं, डोळे मिट आणि हे नुसतं धर. ॲस्ट्रो बर्फावर गेला तसं ती म्हणाली, "अरे, हे कशावरून तरी घसरतंय." मोजमाप म्हणून मला तेवढं पुरलं.

ट्रिगरची गोष्ट आणखी वेगळी. आत एक लहान मोटर आणि दातेरी चाकं आहेत, ती तुमच्या बोटाला उलट दाब देतात. होरायझन फॉरबिडन वेस्टमध्ये धनुष्य ताणताना बोटाला प्रत्यंचेचा ताण लागतो. ग्रॅन टुरिझ्मो ७ मध्ये ब्रेक करकचून दाबला आणि एबीएस लागलं की डाव्या ट्रिगरखाली तडतड होते, आणि ती तडतड ऐकून मी खरोखर ब्रेक थोडा सोडायला शिकलो. तिथे हॅप्टिक ही सजावट नव्हती, माहिती होती.

स्विच २ मध्ये एचडी रम्बल २ नावाचं व्हायब्रेशन आहे. पहिल्या स्विचबरोबर २०१७ साली वन टू स्विच हा गेम आला होता. त्यात काल्पनिक डबीत किती गोट्या आहेत ते नुसतं हलवून ओळखायचं असे, आणि ओळखताही येत असे. नव्या कंट्रोलरमध्ये त्याहून बारकावा आणि जोर आहे. तरीही माझ्या हाताला विचाराल तर हॅप्टिकमध्ये डुअलसेन्स दोन पावलं पुढे आहे. दुसऱ्या कुणाच्या हाताला एकच पाऊल वाटेल, तेही मान्य.

आता हलवण्याकडे येऊ. मोशन कंट्रोल म्हटलं की अजूनही लोकांच्या डोळ्यासमोर निन्टेंडोचा २००६ चा वी हा कन्सोल येतो. दिवाणखान्यात उभं राहून टेनिस, मनगटाला दोरी, आणि टीव्हीची काळजी. त्या पहिल्या वी रिमोटमध्ये गायरो नव्हताच. त्वरण मोजणारा सेन्सर आणि पडद्याजवळच्या पट्टीकडे बघणारा इन्फ्रारेड कॅमेरा, एवढ्यावर काम चालत असे. गायरो आला २००९ मध्ये मोशनप्लसच्या जोडीने. आज ज्याला गायरो एमिंग म्हणतात त्याचा त्या हातवाऱ्यांशी फारसा संबंध नाही. ते सोफ्यावर टेकून, हात मांडीवर ठेवून, मनगट सुपारीएवढं वळवून करायचं काम आहे.

कॅरम खेळणाऱ्याला हे पटकन कळेल. स्ट्रायकर रेषेवर सरकवून जागेवर आणणं एक काम, आणि बोटाने शेवटचा कोन साधणं दुसरं. गेममध्ये अंगठ्याने ढकलायची स्टिक पहिलं काम उत्तम करते आणि दुसऱ्याला कमी पडते. अंगठा फार जाड अवयव आहे, त्याची हालचालही जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणून तर स्टिकवर खेळणाऱ्यांसाठी बहुतेक नेमबाजीचे गेम स्वतःच नेम थोडासा ओढून देतात. गायरो असला की ते शेवटचं बोटभर अंतर मनगट पार करतं आणि लागलेला नेम पूर्णपणे तुमचा असतो. निन्टेंडोच्या स्प्लाटून या नेमबाजीच्या गेममध्ये तो पहिल्यापासून चालूच असतो. झेल्डा मालिकेतल्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये धनुष्य ताणलं की तेवढ्यापुरता चालू होतो, आणि नवशिक्याला मी तोच प्रकार सुचवेन.

शिकायला मला साधारण दोन आठवडे लागले. पहिले तीन दिवस चिडचिड झाली, सहाव्या दिवशी हाताकडे लक्ष जाईनासं झालं, आणि त्यानंतर नुसत्या स्टिकवर नेम धरणं हातमोजे घालून सुईत दोरा ओवल्यासारखं वाटायला लागलं.

एक अडचण इथे सांगितली पाहिजे. गायरो आपण सेकंदाला किती अंश वळलो एवढंच सांगतो, तोंड कुठे आहे ते नाही. दर क्षणाच्या बारीक चुका साचत जातात. वर-खाली आणि तिरपेपणा गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून दुरुस्त करता येतो, पण डावं-उजवं दुरुस्त करायला तसा आधार नसतो. म्हणून अधूनमधून एक बटण दाबून मध्य पुन्हा ठरवावा लागतो. स्प्लाटूनमध्ये ते वाय बटण आहे. महिनाभरात अंगठा ते आपोआप दाबतो.

मला ज्याने खरा त्रास दिला आणि माझा निर्णय झाला, ती गोष्ट ही नव्हे. ती अशी.

एका नेमबाजीच्या गेममध्ये लांबच्या लक्ष्यावर माझी पहिली गोळी लागायची आणि दुसरी चुकायची. दर वेळी. मला वाटलं मनगटच चुकतंय. सेन्सिटिव्हिटी कमी केली, मग वाढवली. कोपराखाली उशी घेतली. तीन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी एका कोऱ्या भिंतीसमोर उभा राहिलो, हात अजिबात न हलवता दहा गोळ्या झाडल्या आणि पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघत राहिलो. दर गोळीला तो ठिपका थरथरून किंचित सरकत होता. हात स्थिर होता. हलत होतं ते कंट्रोलरचं कवच, आतल्या हॅप्टिकमुळे. गायरो प्रामाणिक आहे. कवच हललं तर तो हललं म्हणूनच सांगणार. ते तुम्ही हलवलं की आतल्या कॉइलने, हे त्याला कळायला मार्ग नाही.

सेटिंग्जमध्ये जाऊन व्हायब्रेशन बंद केलं. पुन्हा दहा गोळ्या. ठिपका जागच्या जागी.

कोणता गेम, कोणता कंट्रोलर ते लिहीत नाही, कारण पुढे दोन्ही कन्सोलवर करून पाहिलं आणि थोड्याफार फरकाने तेच झालं. हा कुणा एकाचा दोष नाही. थरथरणारी वस्तू आणि थरथर मोजणारी वस्तू एकाच मुठीत मावणाऱ्या डबीत बसवली की असंच होणार. गेम बनवणारे यावर गाळणी लावतात, बारीक हालचाल दुर्लक्षित करतात. पण गाळणी जाड झाली की तुमची स्वतःची बारीक हालचालही तीत अडकते आणि नेम चिकट होतो, गुळाच्या पाकात हात फिरवल्यासारखा.

हे काही नवं नाही. २००६ साली प्लेस्टेशन ३ बरोबर सिक्सॲक्सिस कंट्रोलर आला तेव्हा त्यात मोशन सेन्सर होते आणि व्हायब्रेशन नव्हतं. व्हायब्रेशनमुळे सेन्सरच्या कामात अडथळा येतो, असं कारण तेव्हा सोनीने दिलं होतं. त्याच काळात व्हायब्रेशनच्या पेटंटवरून इमर्शन या कंपनीशी सोनीचा खटलाही चालू होता. तो २००७ मध्ये मिटला आणि त्याच वर्षी जपानमध्ये डुअलशॉक ३ आला, त्यात मोशन आणि व्हायब्रेशन दोन्ही होतं. त्यामुळे ते पहिलं कारण नुसती सबब होती असं पुष्कळ जण धरून चालले, मीही त्यातलाच. त्या भिंतीसमोरच्या दहा गोळ्यांनंतर माझं मत बदललं. खटला खरा होता, पण अडथळाही खरा आहे.

संक्रांतीला पतंग उडवताना एकाच बोटावरून दोन्ही गोष्टी चालतात. वर वारा काय करतोय ते मांजातून बोटाला कळतं, आणि त्याच बोटाने आपण ढील देतो किंवा खेचतो. मांजाची ओढ कळते म्हणूनच हात चुकत नाही. कंट्रोलरकडूनही मला तेच हवं होतं. आजचं तंत्र तिथवर पोचलेलं नाही. नेमाच्या ऐन क्षणी दोन्ही एकमेकांच्या हाताला धक्का लावतात.

म्हणून, दोन्ही सोयी असलेला कन्सोल घेतला की दोन्ही वापरायला मिळतील, या हिशोबावर निवड करू नका, असं मी म्हणेन. नेमबाजीत तुम्हाला एक बंद करावी लागण्याची शक्यता बरीच आहे. मग बंद करताना कुठे जास्त गमावाल, तेवढं बघा.

डुअलसेन्सवर व्हायब्रेशन बंद केलं की ज्यासाठी तो घेतला त्यातलं अर्धं गेलं. ट्रिगरचा दाब वेगळ्या सेटिंगमध्ये आहे, तो चालू ठेवता येतो. पण माझ्या अनुभवात जड झालेला ट्रिगर ओढतानाही मनगट जरासं वळतं आणि नेम सुटतो. स्विच २ चे ट्रिगर म्हणजे साधी बटणं, दाबली की टक. गाडीच्या गेममध्ये ही उणीव आहे, अर्धा थ्रॉटल देता येत नाही. नेम धरताना मात्र तीच सोय होते, कारण बोट हललं तरी मनगट हलत नाही. आणि व्हायब्रेशन बंद केलं तर स्विचवर मला फार चुकल्यासारखं वाटत नाही. शिवाय जॉयकॉन २, म्हणजे स्विच २ च्या दोन बाजूंचे छोटे कंट्रोलर, सुटे करून दोन हात दोन बाजूंना सैल सोडून खेळता येतं, ही सवय लागली की खांदे आखडून एकच कंट्रोलर धरणं नको होतं. जॉयकॉन आडवा टेकवून माऊससारखा सरकवायची सोयही आहे, मेट्रॉइड प्राइम ४ मध्ये ती वापरता येते.

दुसरा फरक सवयीचा. निन्टेंडोच्या स्वतःच्या नेमबाजीच्या गेममध्ये गायरो असणार हे बहुधा धरून चालता येतं. प्लेस्टेशनवर तो बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहे. फॉरबिडन वेस्टमध्ये आहे, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकमध्ये आहे, फोर्टनाइटमध्ये आहे, आणि पुष्कळ मोठ्या गेममध्ये नाहीही. आपण आवडीने घेतलेल्या गेमच्या सेटिंग्ज उघडाव्यात आणि गायरोची ओळच नसावी, तेव्हा फार वाईट वाटतं.

उलट बाजूही सांगतो. तुम्ही मुख्यतः कथेचे मोठे गेम खेळत असाल, गाड्या पळवत असाल, चेंडूचे खेळ खेळत असाल, तर गायरो महिनोन्‌महिने लागणार नाही आणि डुअलसेन्स रोज काही ना काही देत राहील. तशा माणसाला मी स्विच २ घे म्हणणार नाही. खरेदीचा भागही आहेच. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ पासून अधिकृतपणे मिळतो. निन्टेंडोची इथे अधिकृत विक्री नाही, स्विच २ येतो तो बाहेरून आणणाऱ्या दुकानदारामार्फत, आणि वॉरंटी म्हणजे त्या दुकानदाराचा शब्द. गेमही स्वस्त नाहीत. घरात परदेशाहून येणारं कुणी असेल तर प्रश्न जरा सोपा होतो.

डुअलसेन्स घेतलात आणि गायरोही हवा असेल तर मध्यम मार्ग आहे. व्हायब्रेशनचा जोर सगळ्यात कमी ठेवा, ट्रिगरचाही कमी करा, आणि गायरो फक्त नेम धरतानाच चालू राहील असं ठेवा. मी तिथे असंच खेळतो आणि चाललं आहे.

तिघांपैकी शेवटचा फोन धाकट्या मावसभावाचा होता. त्याला स्प्लाटून खेळायचंय, त्याच्या बायकोला झेल्डा. मी त्याला म्हटलं, दुकानात गेलास की दोन्ही कंट्रोलर हातात घे, धनुष्य किंवा बंदूक असलेला गेम लावायला सांग, व्हायब्रेशन चालू ठेवून दहा बाण सोड आणि मग बंद करून दहा. काल त्याने फोटो पाठवला. लाल-निळ्या कड्यांचे दोन जॉयकॉन, आणि मागे सेटिंग्जचं पान उघडं.