राहते घर की ज्येष्ठांची वसाहत?

उतारवयात स्वतंत्र राहू इच्छिणाऱ्या पुण्यातील ज्येष्ठांपुढे दोन मार्ग असतात: राहत्या घरी राहून परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघाशी जोडून घेणे, किंवा ‘अथश्री’सारख्या खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतीत जाणे.

वसाहतीची बाजू सुरक्षिततेच्या बाबतीत निर्विवाद भक्कम आहे. लिफ्ट, न्हाणीघरातले आधारदांडे, रात्री हाकेला धावून येणारे माणूस या गोष्टी जुन्या, तीन मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत मिळत नाहीत. खर्च मात्र अनेकांच्या निवृत्तिवेतनाला झेपणारा नसतो.

राहत्या घराचे बळ वेगळेच आहे. चाळीस वर्षांच्या ओळखीचा वाणी, दोन दिवस दार उघडले नाही तर चौकशी करणारी शेजारीण आणि सकाळच्या फिरण्यातले सोबती हे जाळे नव्या जागी विकत मिळत नाही. संघाची व्याख्याने, योगवर्ग आणि सहली त्याला जोड देतात. शिवाय पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत असल्याने गावी जाण्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. अडचणीच्या वेळी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे.

माझ्या मते आधी न्हाणीघरात दांडे बसवावेत, घराची एक किल्ली शेजारी ठेवावी आणि घरीच राहावे. मात्र जिने चढवत नसतील आणि रात्री जवळ कोणीच नसेल, तर वसाहतीचा निर्णय लांबवू नये, कारण नवी मैत्री जोडायलाही अंगात उमेद असावी लागते.